उलट्या पिशव्यांचं दुकान

दुकानातली एकही पिशवी सुलटी नव्हती. दाराच्या चौकटीपासून आतल्या भिंतीपर्यंत दोऱ्या बांधलेल्या, दोऱ्यांवर पिशव्या टांगलेल्या, आणि सगळ्यांची आतली बाजू बाहेर. कच्च्या कडा, गाठी, लोंबणारे दोरे, कुठे शिवणीवर मारलेली दुहेरी टीप. मला वाटलं माल नुकताच शिवून आलाय आणि पलटायचा राहिलाय. म्हणून मी म्हणाले, "काका, नंतर येऊ का? तुमचं काम चाललेलं दिसतंय."

"काम झालंय," ते म्हणाले. "बघा की."

"पण ह्या उलट्या आहेत."

"मग सुलटी बघून काय कळणार? सुलटी पिशवी लय देखणी दिसते, ताई. तिच्यावर जायचं नाय."

तेव्हा मी नाशकात अंबडच्या एका कंपनीत खरेदी विभागात नवी नवी लागले होते. द्राक्षबागांच्या फवारणीचे पंप बनवणारी कंपनी. दर वर्षी गावोगावच्या विक्रेत्यांचा मेळावा भरायचा आणि प्रत्येकाला कंपनीच्या नावाची एक पिशवी द्यायची पद्धत होती. ती पिशवी निवडायचं काम आमच्याकडे कोणालाच नको असायचं. रंग साहेबांना आवडला तर त्यांच्या पत्नीला आवडायचा नाही, आणि पिशवी चांगली निघाली तरी कौतुक कोणी करायचं नाही. नव्या माणसाच्या गळ्यात असली कामं पडतात, तसं हे माझ्या गळ्यात पडलं. दहीपुलाजवळ एक म्हातारा आहे, माल चांगला देतो, फक्त डोक्याने जरा हा आहे, एवढी माहिती मला मिळाली होती.

ते तसे म्हातारे नव्हते. पन्नाशी ओलांडलेले, बुटके, कानावर पेन्सिल, गळ्यात मोजायची टेप आणि खिशात कायम एक सेफ्टी पिनांचा गुच्छ. मी कोणती कंपनी, किती नग, कधीपर्यंत, हे सगळं सांगितलं. त्यांनी त्यातलं काही ऐकलंय असं वाटलं नाही.

"भरून काय नेणार?" त्यांनी विचारलं.

"काय भरतील ते भरतील. भेट द्यायचीय."

"नाय. घेणाऱ्यानं घरी गेल्यावर त्यात काय भरायचं? भाजी? डबा? कागद? पोराची वह्या-पुस्तकं?"

त्यांनी काउंटरखालून कांद्यांचं एक टोपलं ओढलं, पाच किलो कांदे तोलले, एका नॉन-वोव्हन पिशवीत ओतले आणि ती माझ्या हातात दिली. म्हणाले, अशोक स्तंभापर्यंत जाऊन या. मला वाटलं चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही परीक्षा होती. मोठमोठ्या कंपन्यांचे मॅनेजर टाय लावून कांदे घेऊन मेन रोडवरून चालत गेल्याचं शेजारच्या घड्याळवाल्याने मला नंतर रंगवून सांगितलं. काही जण चिडून निघून जायचे. मी गेले. खरं सांगायचं तर मला कुतूहल होतं. हा माणूस ह्यातून काय काढणार आहे ते बघायचं होतं.

परत आले तेव्हा बोटांवर लाल वळ उठलेले आणि पिशवीच्या बंदापाशी कापड फाटायला आलेलं. त्यांनी आधी माझी बोटं बघितली, मग पिशवी.

"समजा, ही तुमच्या त्या विक्रेत्याची बायको. बुधवारच्या बाजारातून घरी येतीय. आता सांगा, तुमच्या कंपनीबद्दल तिचं काय मत झालं?"

त्यानंतर मी तिथे कामासाठी कमी आणि माणूस बघायला जास्त जाऊ लागले.

तरुणपणी ते विंचूरच्या कांदा मार्केटात बारदान शिवायचे. गोणीचं तोंड सुतळीने शिवायचं, दिवसाला शेकड्यांनी. गोणी कुठे फाटते, का फाटते, हे त्यांना तिथे कळलं. आणखीही एक सवय ते तिथूनच घेऊन आले होते. लिलावात एक वार, दोन वार, तीन वार असं पुकारतात ना, तसं ते प्रत्येक गोष्ट गिऱ्हाइकाला तीनदा विचारायचे. रंग हाच? नक्की? हाच ना? तीनदा हो आलं की विषय संपला, मग देव जरी खाली उतरला तरी बदल नाही. आणि मंजुरी कागदावर चालायची नाही. "कागद हरवतो, ताई. कापडावर सही करा." परमनंट मार्कर काढून ते नमुन्याची पिशवीच पुढे करायचे. घेणाऱ्याने तिच्यावरच काय हवं ते लिहायचं आणि खाली सही ठोकायची.

रिकामी पिशवी मात्र त्यांनी कधी कोणाच्या हातात दिली नाही. नमुना न्यायला आलेल्या माणसालाही त्यात एखादं लिंबू, मूठभर शेंगा, काहीच नसलं तर टोपल्यातला एक कांदा टाकून द्यायचे. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, तसंच ते. आमच्या ऑफिसात माझ्या टेबलावर त्यांच्या नमुन्यांमुळे कांदे साठायचे आणि शिपाई दर शनिवारी ते मुकाट्याने घरी न्यायचा.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर मेलेल्या पिशव्या होत्या. हा त्यांचाच शब्द. जुन्या, फाटक्या, लोकांनी टाकलेल्या पिशव्या ते कुठून कुठून गोळा करायचे, खिळ्याला टांगायचे आणि प्रत्येकीला मरणाचं कारण लिहून चिठ्ठी टाचायचे. ‘बंद तुटला.’ ‘तळ गेला.’ ‘तागाची होती, पावसात कुजली.’ ‘चेन अडकली, नव्या चेनच्या पैशात नवी पिशवी आली.’ एक काळीभोर लॅपटॉपची बॅग होती, तिच्यावर ‘घरात लॅपटॉपच नव्हता’ असं लिहिलं होतं. आणि जवळजवळ निम्म्या पिशव्या चांगल्या धडधाकट, नव्याकोऱ्या दिसायच्या. त्यांच्या चिठ्ठ्यांवर एकच कारण असायचं, ‘नावाने मेली.’

"म्हणजे?" मी विचारलं.

त्यांनी एक उतरवून दाखवली. पिवळी, दणकट, दोन्ही बाजूंना वीतभर लाल अक्षरांत कुठल्या तरी पतसंस्थेचं नाव, खाली बोधवाक्य, त्याखाली शाखांची यादी.

"ही घेऊन तुम्ही लग्नाला जाल? दवाखान्यात डबा न्याल? पोरगी बघायला जाल?"

"नाही बुवा."

"मग काय कराल?"

"घरी असू देईन. नाहीतर उलटी करून वापरेन."

"उलटी करून!" त्यांनी टाळी वाजवली. "समदे तेच करतात. देणाऱ्याला वाटतं आपलं नाव गावभर फिरतंय. नाव तर आत गेलेलं. नाव मिरवायला असतं ताई, पिशवी वाहायला. दोघांचं एका जागी पटत नाय. मी कधीपासून सांगतोय, नाव आतूनच छापा. एक माणूस ऐकंल तर शप्पथ."

ते रागाने नव्हते म्हणत. पुष्कळ वर्षं एकच गोष्ट सांगून दमलेला माणूस हसून सांगतो तसं सांगत होते. मीही हसले आणि विसरून गेले.

एका रविवारी त्यांनी मला देवळाली कॅम्पला बोलावलं. ते तिथेच राहायचे, काकूंबरोबर, बाजाराच्या मागे भाड्याच्या दोन खोल्यांत. म्हणाले, जिवंत पिशव्या बघायच्या तर कॅम्पात या. फौजेतली माणसं दर दोन-तीन वर्षांनी बदलीवर जातात, निरुपयोगी वस्तू सोबत नेत नाहीत. जी पिशवी तिथवर आली ती तावून सुलाखून आलेली.

बाजारात ते माणसांकडे बघतच नव्हते. नजर सगळी गुडघ्याच्या उंचीवर. एका बाईच्या हातात एक विटलेली खाकी पिशवी होती, बंदाला दोन रंगांचे टाके. काका तिच्या मागे लागले. भाजीवाल्यापासून किराणा दुकान, तिथून पिठाची गिरणी. मी दहा पावलं मागे, ओळख नसल्यासारखी. व्हायचं तेच झालं. बाईने वळून मोठ्याने विचारलं, "क्या चाहिए आपको?" आणि गिरणीतून तिचा नवरा बाहेर आला. सहा फूट, मिशा, फौजी हेअरकट.

"बेहेनजी, ये थैली कितने साल से है?" काका म्हणाले.

पाच-पंचवीस माणसं जमली. काकांनी घाईघाईने काखेतली नवी पिशवी काढली. ही घ्या, ती द्या, असा सौदा मांडला. त्यामुळे संशय कमी होण्याऐवजी वाढला. कोणीतरी मिलिटरी पोलिसांना बोलवा म्हणालं. शेवटी मला पुढे व्हावं लागलं. हे पिशव्यांचे व्यापारी आहेत, जुन्या पिशव्यांचा अभ्यास करतात, असं मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. ते सांगताना मला स्वतःलाच ते खरं वाटेना. पण ती बाई मात्र एकदम निवळली.

"ये नहीं दूँगी, भाईसाब," ती म्हणाली. "तीन पोस्टिंग घूमी है हमारे साथ. इसी में बच्ची का दूध जाता था."

काकांचे डोळे चमकले. त्यांनी फक्त हात लावायची परवानगी मागितली, पिशवी तिथल्या तिथे उलटी केली आणि बंदावरून बोट फिरवत फिरवत तळापर्यंत नेलं. बंद वरच्या काठाला शिवून थांबलेला नव्हता, तळाखालून जाऊन पलीकडे वर आला होता. एकच अखंड पट्टी. "बघा," ते मला म्हणाले, "वजन कापडावर नाय, पट्टीवर." मग पिशवी सुलटी करून, त्यात स्वतःच्या खिशातली दोन लिंबं टाकून, त्यांनी ती बाईंना परत केली. तो फौजी नवरा शेवटपर्यंत गोंधळलेला होता.

आमच्या मेळाव्याची पिशवी तशीच करायची ठरली. जाड कॅनव्हास, मातकट रंग, तळाखालून गेलेली पट्टी. पाचशे नग. साहेबांनी दर मंजूर केला आणि एकच सूचना दिली, नाव ठळक पाहिजे. माझी सहा महिन्यांची प्रोबेशनची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती. ह्याआधी दोन नोकऱ्यांमध्ये मी कायम होता होता राहिले होते, आणि तिसऱ्यांदा घरी जाऊन आईबाबांसमोर मान खाली घालायची माझी तयारी नव्हती. मेळावा नीट पार पडला की तुझं पत्र काढू, असं साहेब स्वतः म्हणाले होते.

काका नमुना घेऊन ऑफिसात आले तो दिवस मला पक्का आठवतो, कारण तो मी पुष्कळदा आठवून बघितलाय. मी फोनवर होते. मंडपवाला खुर्च्यांच्या संख्येवरून घोळ घालत होता. काकांनी टेबलावर पिशवी ठेवली. तिच्यावर कंपनीचं नाव छापलेला कागद सेफ्टी पिनांनी टाचला होता.

"ताई, नाव ह्या बाजूला?"

मी मानेने हो म्हटलं.

"नक्की ह्याच बाजूला?"

"हो काका, ह्याच."

"ह्याच ना?" त्यांचा आवाज जरा वेगळा आला, पण मंडपवाला तिकडे वेगळंच काही बोलत होता. मी फोन खांद्यात धरला, त्यांच्या हातातला मार्कर घेतला, कागदाच्या शेजारी कापडावर ‘नाव इथेच’ असं लिहिलं, खाली सही केली. ते उभेच राहिले. मग म्हणाले, "लय वर्षं झाली ताई, कोणी ऐकलं नव्हतं." मला वाटलं कॅनव्हासबद्दल बोलतायत. मी हसून हात केला आणि ते गेले.

पिशवी उलटी होती. त्यांची प्रत्येक पिशवी उलटी असायची, आणि ती गोष्ट माझ्याइतकी कोणाला माहीत नव्हती.

मेळाव्याच्या दोन दिवस आधी माल आला. साहेबांनी गठ्ठा फोडायला लावून एक पिशवी हातात घेतली, पुढून बघितली, मागून बघितली, आणि म्हणाले, "नाव कुठंय?"

मी आत हात घातला. नाव आत होतं. ठळक, लाल, सुरेख छापलेलं, आणि आत.

"सॅम्पल पास कोणी केलं?" साहेबांनी विचारलं. मी म्हणाले, मी काकांना बोलावून घेते. हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

काका पाऊण तासात लुनावरून आले. काखेत ती नमुन्याची पिशवी, घडी घातलेली. जिन्यातच मला गाठून त्यांनी विचारलं, "आवडली का साहेबांना?" चेहरा फुललेला होता.

"काका, नाव आत कसं गेलं?"

"कसं म्हंजे? तुम्हीच सांगितलं. तीनदा विचारलं मी."

"मला वाटलं, ती बाहेरची बाजू आहे."

ते जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून उभे राहिले. त्यांचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. ते मी अगदी जवळून बघितलं. पुष्कळ वर्षांत पहिलं गिऱ्हाईक मिळालं होतं त्यांना, त्यांचं म्हणणं पटलेलं, आणि ते गिऱ्हाईक फोनवर खुर्च्या मोजत होतं. त्या क्षणी मी त्यांची माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी म्हणाले, "काका, पुढच्या महिन्यात मला कायम करणार आहेत." ह्या एका वाक्याची मला आजही लाज वाटते.

केबिनमध्ये साहेबांनी आवाज चढवला. नमुना दाखवा, त्यावर सही कोणाची आहे ते बघू, म्हणाले. नमुना काकांच्या काखेत होता. पण आता तो सुलटा घडी केलेला होता, मातकट, कोरा. बघणाऱ्याला त्यांची रोजची डब्याची पिशवी वाटावी.

"सॅम्पल हरवलं माझ्याकडून, साहेब," काका म्हणाले. "ताईंनी बाहेरच सांगितलं होतं. कारागिराला मी उलटं सांगितलं. चूक माझी."

मी दाराजवळ उभी होते. गप्प होते.

साहेबांनी बरंच ऐकवलं. ते सगळं ऐकून घेऊन काका शांतपणे म्हणाले, "एक पिशवी उलटी करून बघा." साहेबांनी नाही, मीच केली. आतल्या प्रत्येक शिवणीवर त्यांनी मातकट कापडाचा गोट लावून घेतला होता. एक कच्ची कड दिसत नव्हती, एक दोरा लोंबत नव्हता. उलटी केलेली पिशवी सुलटीइतकीच नीट, आणि वर ठळक नाव. असं कोणी सांगितलं नव्हतं. नाव आत हवंय म्हणणारं माणूस भेटल्याच्या आनंदात त्यांनी पाचशे पिशव्यांची आतली बाजू बाहेरच्यासारखी सजवून दिली होती.

कॅन्टीनच्या टेबलांवर दुपारभर आम्ही पिशव्या पलटल्या. शिपाई, दोघी अकाउंटच्या, मी आणि काका. सगळ्यांत चपळ हात काकांचाच चालत होता. मेळावा नीट पार पडला. मला पत्र मिळालं. कंपनीने काकांना पुन्हा काम दिलं नाही, आणि अंबड ते सातपूरच्या कारखान्यांत बातमी पसरायला असा कितीसा वेळ लागतो? "उलटी छपाई करणारा" म्हणून त्यांचं नाव झालं. बारदान शिवल्यापासून ज्याचा एक टाका चुकला नव्हता, त्याचं.

पुढे तीन-चार महिन्यांनी वसुलीला माणसं कमी पडली म्हणून मी सायखेड्याला एका विक्रेत्याच्या दुकानात गेले. मागेच त्यांचं घर. दाराआड खुंटीवर आमची पिशवी लटकत होती. कोरी बाजू बाहेर.

"म्याडम, लय भारी पिशवी दिली," ते म्हणाले. "घरी आलो, उलटी केली. आता दुसऱ्या कंपनीच्या मिटिंगला बी हीच नेतो. कोणाला कळत नाय कोणाची हाय ते."

"मला कळतं ना," आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या. "रोज भाजी काढताना तुमचंच नाव बघते मी. मागच्या टायमाला हे दुसऱ्याच कंपनीचा पंप ठेवत होते, मी म्हटलं ह्यांचाच ठेवा, ह्यांचं शिवणकाम चांगलं हाय." त्यांना स्वतःलाच हसू आलं.

मला तेव्हा सगळं कळलं. परत आल्यावर साहेबांना हे सांगायला हवं होतं. दहीपुलावर जाऊन काकांना तर सांगायलाच हवं होतं. मी दोन्ही केलं नाही. मेन रोडला काही काम निघालं तर मी शालिमारकडून वळसा घालून जायची. आपण ज्याचं वाईट केलं त्याच्या गल्लीतून जाणं माणूस टाळतो. मी वर्षानुवर्षं टाळलं.

ती नोकरी मी नंतर सोडली. आता बेदाणे परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत आहे आणि खरेदीचा शेवटचा शब्द माझा असतो. ह्या वर्षी आमच्याकडे बेदाणा निवडायला येणाऱ्या चारशे बायकांना पिशवी द्यायची ठरली. पिशवीवाले कॅटलॉग घेऊन आले. सगळ्या पिशव्या सुलट्या. मी एक एक उलटी करून बघत होते आणि ते एकमेकांकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी मी दहीपुलावर गेले.

दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. "काका? ते कॅम्पातच असतात आता," घड्याळवाला म्हणाला. "कामं कमी झाली ना मधे. घरीच मशीन टाकलंय."

बाजारामागच्या त्या दोन खोल्या सापडायला वेळ लागला नाही. पुढे छोटंसं अंगण, अंगणात वाळत घातलेले कपडे. फाटकाची कडी काढता काढता माझा हात थांबला. दोरीवर, दोन टॉवेलांच्या मधे, एक मातकट पिशवी वाळत होती. धुतलेली पिशवी सगळेच वाळत घालतात तशी, उलटी करून. तिच्यावर फिक्या निळ्या अक्षरांत ‘नाव इथेच’ असं लिहिलं होतं आणि खाली माझी सही होती.

काकू बाहेर आल्या. मी त्यांना नाव सांगितलं नाही, कामासाठी आलेय म्हणाले. माझी नजर कुठे खिळलीय ते त्यांनी पाहिलं.

"ह्यांच्या डब्याची पिशवी आहे ती," त्या म्हणाल्या. "दुकान होतं तेव्हा डब्याला, आता बाजाराला, दुसरी वापरतच नाहीत. किती वर्षं झाली! दर रविवारी धुते, पण ती शाई काही जात नाही. ज्या दिवशी ही सही झाली ना, त्या दिवशी हे पाव किलो जिलबी घेऊन आले. आमच्याकडे सणाशिवाय जिलबी नाही. म्हणाले, नाशकात एका बाईला पिशवी कळली."

"मग पुढे?" मी विचारलं.

"पुढे काय? काही नाही. त्या पुन्हा आल्या नाहीत म्हणाले, मोठ्या कामाला लागल्या असतील."

म्हणजे त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं. साहेबांपुढे बोललेलं खोटं त्या दिवसापुरतं होतं. हे दुसरं ते इतकी वर्षं रोज डब्यासोबत घेऊन हिंडत होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. काकू घाबरल्या, पाणी आणायला आत गेल्या.

तेवढ्यात फाटक वाजलं. काका बाजारातून आले होते. केस पांढरे झालेले, गळ्यातली टेप तीच. त्यांनी मला बघितलं, मग दोरीकडे बघितलं, मग परत माझ्याकडे.

"काका, त्या दिवशी मी..."

"किती नग?" ते म्हणाले.

"चारशे."

"भरून काय नेणार?"

"सकाळी येताना भाकरीचा डबा आणि पाण्याची बाटली. जाताना भाजी. बायका आहेत सगळ्या, दोन किलोमीटर चालत जातात." हे मी त्या बायकांबरोबर दोन दिवस चालून बघितलं होतं.

ते ऐकत राहिले. काकू पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या.

"नाव कुठल्या बाजूला?"

"आतल्या."

"नक्की आतल्या?"

"हो काका. आतल्या."

तिसऱ्यांदा विचारायला त्यांना वेळ लागला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला.

"आतल्याच ना, ताई?"

"आतल्याच," मी म्हणाले. "आणि शिवणीला गोट लावा. त्याचे पैसे ह्या वेळी बिलात धरा."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, सहीकडे बघितलं. "अहो, म्हणजे ह्याच का त्या?"

काकांनी दोरीवरचे चिमटे काढले, पिशवी उतरवली, सुलटी केली आणि पुन्हा चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालात? आत्ताच तर आलात," काकू म्हणाल्या. "आणि ओली आहे ती पिशवी!"

"आलोच," ते फाटकातून म्हणाले. "पाव किलोच आणतो."